एस्क्लेपियसचं नाणं: निकोपोलिसचं मोठं की पर्गामोनचं छोटं?

एस्क्लेपियस, म्हणजे ग्रीकांचा वैद्यकाचा देव, नाण्यावर हवा पण बजेट एकाच नाण्याचं, या पेचात दोन वर्षांपूर्वी मीही होतो आणि शेवटी दोन्ही घेतली, आधी मोठं आणि मग छोटं, म्हणून हे लिहितोय.

निकोपोलिस अ‍ॅड इस्त्रुम म्हणजे आजच्या बल्गेरियात, रोमन सम्राट ट्राजनने डेशिया (आजच्या रोमेनियाचा भाग) जिंकल्यावर वसवलेलं शहर. माझं सेप्टिमियस सेव्हेरसच्या वेळचं, साधारण २६ मिमी, हातात घेतलं की दम जाणवतो. पुढे दाढीवाला सम्राट, मागे देव सापाची काठी टेकवून उभा आणि कडेने ग्रीक अक्षरांत चक्क गव्हर्नरचं नाव. ते ऑरेलियस गॅलस आहे हे लावण्यात माझा अख्खा रविवार गेला, पण मजा आली, खोटं कशाला बोलू.

आता खटकलेली गोष्ट. महिनाभराने भिंगाखाली बघतोय तर सम्राटाची दाढी पार झिजलेली आणि काठीवरच्या सापाचे खवले मात्र काल कोरल्यासारखे टोकदार! कोणीतरी अलीकडे टोच्याने कोरून साप "सुधारला" होता, म्हणजे टूलिंग. डीलरने यातलं काही सांगितलं नव्हतं आणि लिस्टिंगच्या फोटोत समोरून झगझगीत लाइट. सगळ्यांच्या वाट्याला असं येतं असं नाही, माझं नशीब असेल, पण मोठ्या ब्राँझला भाव जास्त म्हणून हा उद्योगही तिथे जास्त होतो असं मला तरी वाटतं.

पर्गामोनचं (हे शहर आजच्या तुर्कस्तानात) २० मिमीच्या आसपास, ७-८ ग्रॅम. तारीख ढोबळच, इ.स.पू. दुसरं-पहिलं शतक, आणि राज्य रोमकडे गेलं इ.स.पू. १३३ ला, त्यामुळे काटेकोर "रोमन"च पाहिजे असेल तर जरा अडचण. पण इथे सम्राट नाहीच, पुढे देवाचाच चेहरा, मागे जाळीदार ओम्फॅलॉसला (घुमटासारखा पवित्र दगड) वेटोळं घातलेला साप आणि अक्षरं "अस्क्लेपिऊ सोतेरोस", तारणाऱ्या एस्क्लेपियसचं. आणि गाव त्याचंच की! प्रसिद्ध वैद्य गॅलेन तिथला, सम्राट कॅराकॅला २१४ मध्ये बरं व्हायला तिथेच गेला. माझ्या नाण्यात साप अर्धा पुसलाय, पण जो उरलाय तो खरा.

गव्हर्नर, सम्राट वगैरेची आवड असेल तर निकोपोलिस घ्या, फक्त बाजूने लाइट टाकलेला फोटो मागून घ्या. माझं अजून ड्रॉवरमध्येच पडलंय, विकायचं तर टूलिंग सांगूनच विकावं लागेल आणि मग घेणार कोण.