बाभूळ सांगून ओली सावर गळ्यात मारली

बाभळीचं म्हणून २,००० किलो जळण घेतलं. खरी बाभूळ निघाली २९० किलो, तीही वरच्या थरात रचलेली. बाकी १,७१० किलो, थोडे ओंडके सोडले तर, साल सोललेली ओली सावर. पैसे आगाऊ दिले होते. कुणीही देऊ नका.

सावर वजनाला हलकी हे मला माहीत होतं, आणि तिथेच घात झाला. ओंडका हाताला जड लागला म्हणून बाभूळ समजलो. तो जडपणा पाण्याचा होता. आला तेव्हा ३ किलो १०० ग्रॅम भरलेला ओंडका दीड महिना वाळवल्यावर १ किलो ७०० भरला. म्हणजे साडेसातशे किलोंहून जास्त पाणी मी लाकडाच्या भावाने घेतलं!

उतरवताना एक ओंडका फरशीवर पडला. वाळलेली बाभूळ ठणकन वाजते; हा धप्प करून पडला. मी तिथेच उभा होतो. नख लावलं तर रुतलं. कापलेल्या तोंडाला एक चीर नाही, आत तांबूस गाभा नाही, नुसतं पांढुरकं. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "दादा, कोवळी बाभूळ आहे, आत तांबडं धरलेलं नाही. साल काढली की धूर कमी होतो." कोवळ्या झाडात गाभा कमी असतो हे खरंच आहे. अर्धं खरं बोलणाऱ्याला पकडायचं कसं? पण तेव्हाच कुऱ्हाड मागून खालचे चार ओंडके फोडायला लावायला हवे होते. तुम्ही लावा. साल काढलेला माल उतरवूच देऊ नका.

चुलीत टोकांना फेस आला, घरभर धूर. वाळवलेलं भसकन पेटून गेलं, निखारा धरलाच नाही.

वजनकाटे तपासणाऱ्या कचेरीत गेलो. म्हणे काटा बरोबर आहे, लाकडातल्या पाण्याची तक्रार आमच्याकडे येत नाही. वनखात्याचा माणूस म्हणाला, खासगी झाड, आमचा विषय नाही. पोलिसांनी पावती पाहिली: "जळाऊ लाकूड, २,००० किलो". बाभूळ कुठे लिहिलीय, असं मलाच विचारलं! चार खेपा, तीन अर्ज, एकाचीही पोच नाही. लाकूड कुणी हातात घेऊन पाहिलंसुद्धा नाही. पावतीवर झाडाचं नाव आणि 'वाळलेलं' हा शब्द लिहून घ्याच.

आणि ओळख न पटलेलं लाकूड चुलीत घालू नका. त्यात कण्हेर असली तर तिचा धूरही विषारी. माझ्या ढिगात अजून सात-आठ ओंडके आहेत, कशाचे ते कुणालाच सांगता येत नाही. ते मी वेगळे काढून ठेवलेत.