तेराव्या अंकात मारामारी नाही

मार्व्हल या अमेरिकी प्रकाशनाच्या ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’ या कॉमिक मालिकेच्या तेराव्या अंकात कोणीही कोणाला ठोसा मारत नाही. १५ वर्षांचा पीटर पार्कर बालपणापासूनची मैत्रीण मेरी जेन वॉटसन हिला न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या आपल्या घरी बोलावतो आणि आपणच स्पायडर-मॅन असल्याचे तिला सांगतो. जवळजवळ सगळा अंक त्याच्या झोपण्याच्या खोलीत घडतो. तिला आधी ते खरे वाटत नाही. खात्री पटल्यावर मात्र ती प्रश्नांची अशी सरबत्ती सुरू करते की बिचाऱ्याला उत्तरे द्यायला उसंत मिळत नाही. पीटरला सांभाळणाऱ्या मे काकूंच्या मनात बंद खोलीतल्या या दोघांविषयी जी शंका येते, तिचा स्पायडर-मॅनशी अर्थातच काही संबंध नसतो. सुपरहिरो कॉमिकमध्ये पौगंडावस्थेतले प्रेम इतक्या नेमकेपणाने आणि इतक्या कमी आरडाओरड्यात मांडलेले मी क्वचितच पाहिले आहे.

लेखक ब्रायन मायकेल बेंडिस आणि चित्रकार मार्क बॅगली यांनी २००० साली ही मालिका सुरू केली, तेव्हा जुनी कथा नव्या वाचकांसाठी पहिल्यापासून सांगणे हा उद्देश होता. ऑगस्ट १९६२च्या अंकात स्पायडर-मॅनचा जन्म ११ पानांत उरकला होता. इथे त्याच घटनाक्रमाला सात अंक दिले आहेत. हा विस्तार काहींना पाल्हाळ वाटतो आणि पहिल्या दोन अंकांपुरती ती तक्रार मलाही मान्य आहे. पण या सावकाशपणामुळेच बेन काका आपल्याला माणूस म्हणून परिचयाचे होतात, आणि मेरी जेन ही नायकाने जिंकायची मुलगी न राहता त्याच्या इतकीच हुशार, त्याच्या इतकीच अवघडलेली व्यक्ती बनते. मूळ कथेतली मेरी जेन पार्ट्यांमध्ये रमणारी, बिनधास्त होती. तिचा चेहरा १९६६ साली वाचकांना प्रथम दिसला तो तिच्या देखणेपणाची वर्दी देण्यासाठीच. इथली मेरी जेन अभ्यासू आहे, आणि म्हणूनच पीटरशी तिची जवळीक निव्वळ आकर्षणावर उभी राहत नाही.

मूळ मालिकेत गुपित हेच प्रेमकथेचे इंधन होते. ठरल्या वेळी न पोहोचणे, अंगावरच्या जखमांची खोटी कारणे देणे आणि त्यातून होणारे रुसवेफुगवे यांवर लेखकांनी वर्षानुवर्षे काम भागवले. पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी १९७३ साली मरण पावली ती हे गुपित न कळताच, आणि आपल्याला ते ठाऊक असल्याचे मेरी जेनने सांगितले ते थेट १९८४ साली. बेंडिस हे इंधन तेराव्याच अंकात संपवून टाकतो. वरवर पाहता हे आत्मघातकी वाटते, कारण खोटे बोलण्याची गरज संपली की भांडणाचे कारणही संपायला हवे. घडते उलटेच. आता मेरी जेनला सगळे माहीत असते, त्यामुळे पीटर घरी परतेपर्यंत वाट पाहत जागण्याचे ओझे तिच्यावर येते, आणि ते ती आपल्या घरात कोणाजवळही बोलू शकत नाही. पुढे ग्रीन गॉब्लिन हा खलनायक तिला क्वीन्सबरो पुलावरून खाली फेकतो. मूळ मालिकेत ग्वेनलाही त्यानेच पुलावरून फेकले होते; तिच्या मृत्यूचा तो प्रसंग आठवणारा वाचक तिथे श्वास रोखून धरतो, पण मेरी जेन वाचते. त्यानंतर तिच्या मनात राहून गेलेली भीती मालिका विसरत नाही, आणि मला तर त्या प्रसंगापेक्षा ही भीतीच अधिक खरी वाटली.

बॅगलीच्या चित्रांबद्दल दोन्ही बाजूंनी बोलायला हवे. त्याने बेंडिससोबत सलग १११ अंक काढले आणि मार्व्हलच्याच ‘फॅन्टॅस्टिक फोर’ या मालिकेवरच्या स्टॅन ली व जॅक कर्बी यांच्या १०२ अंकांचा विक्रम मागे टाकला. एकाच हाताने सात वर्षे ही मुले रेखाटल्यामुळे पीटरची खाली गेलेली मान किंवा मेरी जेनने घट्ट आवळलेले ओठ आपल्याला संवादाविनाही वाचता येतात. मात्र त्याने काढलेल्या मुलींचे चेहरे एकमेकींसारखे दिसतात. केसांचा रंग काढून टाकला तर कोण कोण आहे ते सांगणे कठीण. संवाद तुटक, अडखळते, एकच शब्द दोनदा उच्चारणारे आहेत. बोलायला घाबरणाऱ्या मुलाच्या तोंडी ते शोभतात, पण खलनायकही तसेच बोलू लागले की कंटाळा येतो. (हाणामारीची पाने मी भराभर उलटली, हे प्रामाणिकपणे सांगून टाकतो.)

माझी खरी तक्रार नंतरच्या अंकांविषयी आहे. मेरी जेनच्या जिवाच्या भीतीने पीटर तिच्याशी संबंध तोडतो आणि २००५च्या वार्षिक अंकापासून एक्स-मेन या सुपरहिरो गटातल्या किटी प्राइडच्या सहवासात येतो. हे नाते मांडण्यामागचा विचार उत्तम आहे. किटी भिंतींतून आरपार जाऊ शकते, तिला वाचवावे लागत नाही आणि तिच्यापासून काही लपवावेही लागत नाही. म्हणजे पीटरने मेरी जेनला सोडताना दिलेले कारण इथे लागूच होत नाही. तरीही त्याचे मन मेरी जेनकडेच ओढ घेत राहते. त्यावरून ते कारण किती अपुरे होते हे लेखक काही न बोलता दाखवतो. पण पीटर पुन्हा मेरी जेनकडे वळतो तेव्हा क्लोनच्या, म्हणजे पीटरच्या हुबेहूब नकलांच्या, लांबलचक कथानकाची एवढी गर्दी उसळलेली असते की किटीचे दुखावणे कोपऱ्यात ढकलले जाते. नंतर ती पीटरच्याच शाळेत दाखल होते आणि त्या दोघांना रोज डोळ्यांसमोर पाहते. त्या मुलीलाही तेराव्या अंकाइतकी निवांत पाने, एक बंद खोली आणि ऐकून घेणारे कोणीतरी मिळायला हवे होते.