घाटातली पिकअप, सीएनजी किट आणि 0.8 मिलिमीटरचा गॅप : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

माझी 1.2 लिटर पेट्रोल इंजिनाची छोटी पिकअप रोज पहाटे वाईहून भाजीपाला आणि किराणा घेऊन पसरणी घाटाने पाचगणीला आणि पुढे महाबळेश्वरच्या हॉटेलांना जाते. गाडी घेतल्यानंतर वर्षभराने तिला सिक्वेन्शियल, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस देणारे, सीएनजी किट बसवून घेतले आणि आरसीवर तशी नोंदही करून घेतली. स्पार्क प्लग, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण ठिणगीने पेटवणारे भाग, मात्र पेट्रोलवर चालत होते तेच राहिले. आता बसवलेल्या इरिडियम धातूच्या प्लगच्या संचाला अकरा महिने आणि सुमारे 22,000 किलोमीटर झाले आहेत.

गेल्या वर्षी भरलेली गाडी घाटात तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की मिसिंग करू लागली, म्हणजे मधूनच ठिणगी चुकून झटके खाऊ लागली. सपाटीवर काही जाणवत नसे, पेट्रोलवर टाकली की तक्रार जवळपास नाहीशी होई, त्यामुळे दोष किटचाच असणार असे मी धरून चाललो आणि दोनदा ट्यूनिंग करून घेतले. प्लग काढून पाहण्याचे मनात आले तेव्हा ते 28,000 किलोमीटर चाललेले होते. साधे निकेलचे ते प्लग 1.1 मिलिमीटर गॅपचे होते. गॅप म्हणजे प्लगचा मधला इलेक्ट्रोड आणि त्याच्या वरची वाकवलेली पट्टी यांच्यातले, ठिणगी उडते ते अंतर. तो गॅप आता 1.4 च्या आसपास गेला होता आणि मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर वरपासून खालपर्यंत पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ होती. ठिणगीला गॅप ओलांडणे जड जाऊ लागले आणि तिने बाहेरून वाट काढली, असा त्या रेघेचा अर्थ होता. अशी रेघ पडलेला प्लग पुसून परत बसवण्यात काही हशील नाही, आणि त्यावरचा रबरी बूटही (टोपणही) बदलावा लागतो, कारण तीच रेघ बुटाच्या आतल्या बाजूलाही उमटलेली असते. प्लगच्या षटकोनाच्या वर दिसणारे तपकिरी कडे मात्र निराळे. ते उच्च दाबाच्या विजेमुळे चिकटलेल्या धुळीचे असते, पण अनेक मेकॅनिक ते पाहून कॉम्प्रेशन लीक, म्हणजे सिलिंडरमधला दाब गळत असल्याचे सांगतात.

घाटातच त्रास का, याचे उत्तर सिलिंडरमधल्या दाबात आहे. अ‍ॅक्सिलरेटर जितका दाबावा तितकी हवा जास्त भरते, ठिणगीच्या क्षणी दाब वाढलेला असतो, आणि जास्त दाबाच्या वायूतून तेवढेच अंतर ओलांडायला जास्त व्होल्टेज लागते. त्यात सीएनजीचे मिश्रण कोरडे. पेट्रोलच्या मानाने त्याची व्होल्टेजची मागणी मुळातच अधिक असते. झिजलेला गॅप, चढ आणि गॅस या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज देणाऱ्या कॉइलची ताकद अपुरी पडते.

म्हणून गॅप कमी करायचे ठरवले आणि इथे माझी एक चूक झाली. दुकानात मिळाले म्हणून 1.1 चेच नवे निकेल प्लग आणले आणि वरची पट्टी ठोकून ठोकून 0.7 वर आणली. एवढी वाकवल्यावर पट्टी तिरकी झाली, तिचे टोक मधल्या इलेक्ट्रोडला समांतर राहिले नाही, आणि सकाळी पेट्रोलवर सुरू झालेले इंजिन आयडलिंगला थरथरू लागले. गॅप फार लहान केला की ज्वालेचे पहिले बीजही लहान पडते, हेही त्या थरथरण्याचे एक कारण असावे. कारखान्यातून आलेल्या गॅपमध्ये 0.2 मिलिमीटरपेक्षा जास्त फेरफार करू नये, असे प्लग बनवणारेच सांगतात. तेव्हा हवा असलेल्या गॅपच्या जवळचाच प्लग विकत घ्यावा. प्लग बनवणाऱ्या एनजीके कंपनीच्या बऱ्याच क्रमांकांत शेवटचा आकडा गॅप सांगतो. उदाहरणार्थ, बीकेआर6ई-11 मधला 11 म्हणजे 1.1 मिलिमीटर, आणि 6 हा त्याचा हीट रेंज, म्हणजे प्लग आपली उष्णता किती झटपट बाहेर टाकतो ते सांगणारा आकडा. माझ्या गाडीचा क्रमांक वेगळा आहे. आपला क्रमांक आपल्या पुस्तिकेतूनच घ्यावा आणि आट्यांची लांबी कधीही अंदाजाने ठरवू नये.

हीट रेंजबद्दल मला बराच आग्रह झाला. गॅसवर एक पायरी थंड प्लग घाला, असे बरेच जण सांगतात. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो, बॉशमध्ये नेमके उलट, एवढे तरी सल्ला देणाऱ्याने सांगायला हवे. प्लगचे टोक साधारण 450 अंशांच्या वर तापले तरच त्यावरची काजळी जळून जाते, आणि 870 च्या पुढे गेले तर मिश्रण ठिणगीआधीच पेटण्याची भीती असते. माझी गाडी रोज सकाळी काही मिनिटे पेट्रोलवर चालते आणि जुन्या प्लगच्या टोकांवर फोड किंवा वितळल्याची खूण नव्हती, त्यामुळे मी मूळचाच रेंज ठेवला.

शेवटी 0.9 गॅपचा इरिडियमचा संच घेतला आणि पट्टी किंचित दाबून तो 0.8 केला. इरिडियमचा मधला इलेक्ट्रोड जेमतेम 0.6 मिलिमीटर जाडीचा असतो. त्यावर गॅप मोजायचे नाण्यासारखे गोल गेज सरकवून जोर दिला तर तो तुटतो, म्हणून तारेचे गेज वापरले आणि फक्त वरची पट्टीच हलवली. जुन्या निकेल प्लगलाही तारेचेच गेज बरे, कारण सपाट पाते झिजलेल्या खळग्यावर पुलासारखे बसते आणि गॅप असतो त्याहून कमी दाखवते. इंजिन पूर्ण थंड असताना, आधी प्लगच्या खड्ड्यातली धूळ हवेने उडवून, प्लग हाताने आट्यांवर धरले आणि आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क रेंचने 25 न्यूटन मीटरला आवळले. आट्यांना ग्रीस लावलेले नाही. ग्रीस असले की त्याच आकड्याला प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो आणि अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे जाऊ शकतात.

पहिल्याच दिवशी घाटातली मिसिंग गेली आणि अकरा महिन्यांत, महाबळेश्वरच्या पावसाळ्यासकट, परत आली नाही. एव्हरेजमध्ये किलोला अर्धा-पाऊण किलोमीटर वाढलेला दिसतो, पण माल रोज कमी-जास्त असतो, तेव्हा त्याचे श्रेय मी प्लगला देणार नाही. 10,000 किलोमीटरला तपासले तेव्हा गॅप जागचा हललेला नव्हता. परवा पाहिला तर चारही प्लग 0.8 आणि 0.85 च्या मध्ये आहेत, टोके फिकट राखाडी आहेत. किंमत निकेलच्या चौपटीहून थोडी जास्त पडली. गॅसवर निकेल वापरून दर 10,000 ला गॅप नीट करून घेण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांना हाच परिणाम स्वस्तात मिळेल. मला पहाटे चारला गाडी काढायची असते आणि रविवारखेरीज वेळ मिळत नाही.

पेट्रोलवरचे आयडलिंग अजूनही 1.1 च्या प्लगइतके गुळगुळीत नाही. थंडीच्या सकाळी गाडी गॅसवर जाईपर्यंत ते आरशाच्या कंपनात दिसते.