आठ महिने एकाच मधपेटीत डोकावून

एप्रिलमध्ये भाचीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी हे शोधलं होतं. जर्मनीतल्या एका मधपेटीचं थेट प्रक्षेपण, एक कॅमेरा दाराशी आणि दुसरा आत पोळ्यासमोर. भाची दोन दिवसांत कंटाळली, मी अडकलो. आता नोव्हेंबर संपत आलाय आणि मुलुंडच्या आमच्या घरात जेवणं आटोपली की मालिकेऐवजी माश्या लागतात. आई आधी कुरकुरायची, आता रिमोट तिच्याकडेच असतो.

पैसे पडत नाहीत. डेटा मात्र भरपूर खातं, त्यामुळे घरी वायफाय असेल तरच नादी लागा.

वेळेचं गणित आपल्या सोयीचं आहे. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. आपले रात्रीचे नऊ म्हणजे तिथले संध्याकाळचे साडेपाच, आणि जूनमध्ये तिथे नऊपर्यंत उजेड. मी लोकलमध्ये चेंगरून घरी येऊन जेवेपर्यंत माश्यांची ये-जा चालूच असायची. ऑक्टोबरअखेरीस जर्मनीत घड्याळं तासभर मागे घेतली. आता आपल्या नऊ वाजता तिथे दाराशी अंधार पडत आलेला असतो.

तक्रारी आहेत. आवाज नाही. जुलैत चार दिवस चित्र गोठलेलं होतं, आणि माश्यांनी काचेला मेण नि राळ फासली की ती कोणी पुसेपर्यंत धुक्यातून बघावं लागतं. आतलं चित्र काळंपांढरं दिसतं, मला आधी टीव्हीच बिघडला वाटला. पण तो बिघाड नाही. आत इन्फ्रारेड दिवा आहे, त्याचा उजेड लालच्याही पलीकडचा. मधमाशीला लाल रंगसुद्धा दिसत नाही, तर हा कुठून दिसणार? तिच्या लेखी पेटीत काळोखच.

नवीन बघणारे सगळे राणी शोधतात. मीही महिनाभर तेच केलं. सोडून द्या. आठ महिन्यांत ती मला जेमतेम सहासात वेळा दिसली. त्यापेक्षा दाराजवळचा पोळ्याचा खालचा भाग बघा, तिथे नाच चालतो.

बाहेरून आलेली कामकरी माशी ढुंगण थरथरवत सरळ रेषेत धावते, वळून मागे येते, पुन्हा तीच रेषा, मग दुसऱ्या बाजूने वळण. इंग्रजी आठचा आकडा होतो. (मराठी आठाने काम भागत नाही.) चारपाच जणी आपल्या मिश्या तिला टेकवून तिच्या मागे फिरतात. रेषा सरळ वर गेली तर फुलं सूर्याच्या दिशेला, उजवीकडे कलली तर सूर्याच्या तेवढीच उजवीकडे. थरथर जितका वेळ, तितकं अंतर लांब. साधारण सेकंदाला किलोमीटर. हे कोडं कार्ल फॉन फ्रिश यांनी सोडवलं, १९७३ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. वाचून माहीत होतंच, पण एका संध्याकाळी मी मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन बसलो. बऱ्याच जणींचा थरथराट अडीच सेकंदांच्या आसपास, रेषा उभ्यापासून चांगलीच उजवीकडे. तासाभराने पाहिलं तर तोच अडीच सेकंदांचा नाच, फक्त रेषा उभ्याकडे सरकलेली. फुलं जागेवरच होती, सूर्य सरकला होता. अंधारात बसून त्या सूर्याचा हिशेब ठेवत होत्या! त्या रात्री मी एक वाजता झोपलो.

ऑगस्टमध्ये नरांना हाकलतात. पंखाला धरून दाराबाहेर ओढतात, आणि बिचाऱ्याला नांगीही नसते. आई म्हणाली, "बसून खाणाऱ्यांना पितृपक्षाचीही वाट बघू दिली नाही रे," आणि सोफ्यावर लोळणाऱ्या माझ्याकडे बघितलं.

थंडीत माश्या एकमेकींना बिलगून गोळा करून बसतात, पडद्यावर फारसं काही हलत नाही. म्हणून डिसेंबरात सुरुवात करू नका, एप्रिल-मेमध्ये करा.

ऑक्टोबरात आमच्या समोरच्या इमारतीच्या छज्जाला आग्या मोहोळ लागलं. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच 'पेस्ट कंट्रोल बोलवा' सुरू. मी दुर्बीण काढली. जर्मनीतल्या माश्या वेगळ्या, पेटीत राहणाऱ्या. आपल्या महाबळेश्वरकडच्या सातेरीसारख्या. आग्या पेटीत बसतच नाही, एकच मोठं पोळं उघड्यावर टांगते आणि स्वतःच त्याचं पांघरूण होते. गांधीलमाशी जवळ आली की सगळ्या जणी एकामागून एक ढुंगणं उचलतात आणि पोळ्यावरून लाट जाते. तिचा व्हिडिओ मी ग्रुपवर टाकला. हंगाम सरला की आग्या आपणच उठून जाते, तोवर थांबू, असंही लिहिलं. छज्जाखालच्या काकूंनी खिडकी बंद ठेवायचं कबूल केलंय. बाकीचे अजून धुसफुसतायत.

आई रोज सकाळी चहा घेऊन दुर्बिणीपाशी. "ह्यांचा नाच कुठे रे असतो?" मी सांगतो, खालच्या टोकाशी, जिथून त्या उडतात. आमची दुर्बीण तेवढी ताकदीची नाही.