मस्कतातल्या लेकीसाठी मासिक की रेडिओ?

वसईतल्या मावशीने परवा विचारलं, "मस्कतला लेकीला आपलं ख्रिस्ती धार्मिक मासिक लावून देऊ, की ती मोबाइलवर ख्रिस्ती रेडिओ ऐकेल?"

खर्चात रेडिओ सरळ पुढे, नेट असलं की झालं. मासिकाच्या वर्गणीवर परदेशी टपालखर्च चढतो. शिवाय आखातात टपाल सहसा दारात येत नाही, पोस्टाच्या पेटीतून आणावं लागतं.

टिकण्याचं मात्र उलट. फिलिपिन्सच्या ‘रेडिओ व्हेरितास एशिया’ या कॅथलिक केंद्राने १९६९ पासूनचं लघुलहरी (शॉर्टवेव्ह) प्रसारण २०१८ मध्ये थांबवलं आणि इंटरनेट धरलं. त्या प्रसारणासाठी जपलेले रेडिओ संच मुके झाले. उलट आपली मराठी ख्रिस्ती मासिकं पाहा: ‘निरोप्या’ १९०३चं, वसईची ‘सुवार्ता’ १९५५ची. आमच्या माळ्यावरचे जुने अंक आजही उघडून वाचता येतात. आणि भाषा! व्हॅटिकन रेडिओची हिंदी सेवा आहे, पण मस्कतला वाढणाऱ्या नातवंडांच्या नजरेला मराठी अक्षर पडायला कागदच हवा. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

एकटी नोकरी करणारी, स्वयंपाक करता करता ऐकणारी असेल तर रेडिओ पुरे. घरात मुलं असतील तर मासिकच. सुट्टीवरून परतणाऱ्यांच्या हाती चार-चार अंक एकदम द्यावेत, मी तसंच करते.