डीएनपी की फास्ट स्पिनिंग? मी दोन्ही करून पाहिलं

सॉलिड-स्टेट एनएमआरवर (घन नमुन्यातल्या अणुकेंद्रांचे सिग्नल मोठ्या मॅग्नेटमध्ये मोजायचं तंत्र) प्रोटीन घेऊन बसलेल्या माणसाला सिग्नलचं रडगाणं नव्याने सांगायला नको. सिग्नल-टू-नॉइज दुप्पट हवा तर वेळ चौपट, आणि मशीनचा स्लॉट काही कुणी चौपट देत नाही. मग फिरून फिरून दोनच पर्याय समोर येतात, एक डीएनपी (सॅम्पलमध्ये रॅडिकल घालून ते गोठवायचं आणि मायक्रोवेव्हने रॅडिकलच्या इलेक्ट्रॉनचं पोलरायझेशन प्रोटॉनला द्यायचं) आणि दुसरा म्हणजे छोट्या रोटरमध्ये, म्हणजे सॅम्पलच्या नळीत, भन्नाट स्पीडने फिरवून लाइन बारीक करायच्या आणि कार्बनऐवजी थेट प्रोटॉनवर डिटेक्ट करायचं. मी एकच फायब्रिल (प्रोटीनचे रेणू रचून झालेला धागा) दोन्हीकडे नेलंय म्हणून लिहितोय, तुमच्या प्रोटीनचं वेगळं निघू शकतं.

आकडे बघितले तर डीएनपीच जिंकतं. इलेक्ट्रॉनकडून प्रोटॉनला थिअरीत ६६० पटीच्या आसपास मिळू शकतं. एवढं कुणालाच मिळत नाही, मला तीसेक पट मिळालं, पण तीस पट म्हणजे वेळेत कागदावर नऊशे पट, मी तर हरखूनच गेलो. (हा मायक्रोवेव्ह ऑन-ऑफचा रेशो आहे हां, रॅडिकलच्या आसपासचे सिग्नल मरतात ते त्यात दिसत नाही.) जो टूडी (दोन अक्षांचा स्पेक्ट्रम) रात्रभर लावायचो तो जेवून येईपर्यंत झालेला होता.

मग स्पेक्ट्रम उघडला. माझ्या फायब्रिलमध्ये पाच ॲलनीन (एक अमिनो आम्ल) आहेत, त्यांचे बीटा कार्बन रूम टेम्परेचरला सुटे सुटे दिसायचे, थोडे चिकटलेले पण ओळखू येणारे. इथे २० पीपीएमच्या (स्पेक्ट्रमवर सिग्नलची जागा, म्हणजे शिफ्ट, मोजायचं एकक) वर एक लोळा. कॉन्टूर लेव्हल वर घे, खाली घे, विंडो फंक्शन बदल, लोळा तो लोळाच! होतं असं की १०० केल्विनला प्रत्येक रेणू ज्या पोझमध्ये असेल तसाच गोठतो, हालचालीने सरासरी निघून जी बारीक लाइन मिळायची ती पसरते. बरं मोठ्या मॅग्नेटवर जाऊन सुटेल म्हणावं तर ही रुंदी शिफ्टच्याच विखुरण्याची, पीपीएममध्ये ती तेवढीच राहते, वर फील्ड वाढलं की एन्हान्समेंटही सहसा उतरते. टेम्परेचर वाढवलं तरी एन्हान्समेंट उतरतेच. सिग्नल भरपूर, पण कोणाचा ते कळेना, आणि मला तर असाइनमेंटच, म्हणजे कुठला सिग्नल कुठल्या अणूचा ते ठरवायचं काम, करायची होती.

फास्ट स्पिनिंगची कटकट वेगळी. १.३ मिमीचा रोटर ६० किलोहर्ट्झला, ०.७ चा १०० च्या वर, आणि त्या ०.७ मध्ये माल जेमतेम अर्धा मिलिग्राम. प्रोटॉनचा गॅमा (केंद्राच्या चुंबकत्वाचं माप) कार्बनच्या चौपट, त्यामुळे डिटेक्शनमध्ये आठेक पट मिळतं, ते कमी मालात बऱ्यापैकी खर्ची पडतं. ६० ला लाइन बारीक व्हायला ड्युटरेशन (प्रोटीनमधल्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम) जवळपास हवंच, म्हणजे जड पाण्यात रेंगाळत वाढणारे बॅक्टेरिया आले, आणि मग साध्या पाण्यात ठेवलं तरी आतल्या गाभ्यातले अमाइड (प्रोटीनच्या कण्यावरचे एनएच गट) परत प्रोटॉन घेत नाहीत ही मेम्ब्रेन प्रोटीनवाल्यांची रड. माझं प्रोटीन आधी साध्या पाण्यात डिनेचर करून मगच फायब्रिल बनवतो म्हणून मी सुटलो. घर्षणाने सॅम्पल चांगलंच तापतं, कूलिंगकडे लक्ष ठेवावं लागतं. आणि पहिल्यांदा रोटर भरताना टोपी चिमट्यातून उडाली ती आजतागायत सापडलेली नाही.

तरी माझा कौल कुठे ते कळलंच असेल. तुमचं प्रोटीन पेशीतच बघायचं असेल, किंवा एखाददुसरी साइटच लेबल केलेली (एनएमआरला दिसणारे आयसोटोप घातलेली) असेल आणि सिग्नलच उगवत नसेल तर डीएनपीच करा, तिथे लाइन रुंद असली तरी गोंधळायला शेजारी नसतो. पण पूर्ण लेबल केलेलं प्रोटीन असेल आणि कोण कुठला ते शोधायचं असेल तर मी तरी आधी छोट्या रोटरकडे जाईन. माझ्या थ्रीडीला दोन रात्री लागल्या, डीएनपीच्या मानाने कासवगतीच ती, पण पाचही ॲलनीन आपापल्या एनएचवर सुटे उभे होते, त्यातले दोन तर मी टूडीत इतके दिवस एकमेकांच्या जागी लिहून बसलो होतो.