शालेय समुपदेशनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम: दोन वर्षांनंतर

११ वर्षं गणित शिकवल्यावर मी शालेय समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. सगळ्यात मोलाचं ठरलं ते पर्यवेक्षणाखालचं प्रत्यक्ष काम. मुलाशी झालेलं बोलणं आठवून जसंच्या तसं लिहायचं, त्याचं नाव गाळायचं आणि दर आठवड्याला मार्गदर्शक बाईंना वाचून दाखवायचं. पहिल्याच नोंदीत बाईंनी माझी सात वाक्यं अधोरेखित केली. सातही ऐकून घेण्याऐवजी दिलेले सल्ले होते. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७मध्ये मांडलेल्या, समुपदेशकाकडे हव्यात अशा सहानुभाव, विनाअट स्वीकार, सच्चेपणा या गोष्टी परीक्षेपुरत्या लगेच पाठ झाल्या. मुलाचं बोलणं मध्ये न तोडता ऐकायला मात्र मला सहा महिने लागले.

गोपनीयतेचा भागही फार नीट शिकवला: मुलाच्या जिवाला धोका असेल तर गुप्तता मोडावी लागते आणि हे त्याला पहिल्या भेटीतच सांगायचं असतं. संख्याशास्त्र ठीकठाक. गट-समुपदेशनाला मात्र जेमतेम चार तास मिळाले, याचं वाईट वाटतं, कारण शाळेत मला ते रोज लागतं. शिक्षकांनी हा अभ्यासक्रम जरूर करावा. प्रवेशाआधी पर्यवेक्षणाचे तास किती, एवढं विचारून घ्या.